भागाक्काचा हात

हे लिहिण्याचा अधिकार माझा नाही, हे आधीच सांगतो. ज्यांचा होता त्यांतली एक मारली गेली, दुसरी आजारानं गेली, आणि तिसऱ्याला, म्हणजे म्हाकूदादाला, सहीपलीकडे लिहिता येत नाही. उरलो मी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शाळेतल्या निबंधांनंतर मराठीत काही लिहिलेलं नाही, आणि गेली काही वर्षं जे लिहितो ते इंग्रजीत, प्रयोगशाळेपुरतं. तेव्हा कुठं शब्द तोकडा पडला तर तो माझा समजावा. भागाक्कात तोकडं काही नव्हतं. मी तिच्यावर लिहितोय हे तिला कळलं असतं, तर तिनं आधी एक कानफटात दिली असती आणि मग विचारलं असतं, "काय लिवलंयस? वाच."

तिची रीतच ती होती. आधी हात, मग तोंड.

वडूजच्या पूर्वेला, बाजरी आणि मटकीपलीकडे फारसं काही पिकत नाही अशा आमच्या वाडीत, तिचं घर आमच्या घराला लागून होतं. घर मेंढरांचं. नवरा लवकर गेला. मुलगी मंगल, तिच्या पाठचा म्हाकू, आणि मेंढरं, हे सगळं तिनं एकटीनं वाढवलं. मेंढरांना बाभळीचे डहाळे पाडायला लांब दांड्याची कुऱ्हाड तिच्या खांद्यावर कायम असायची. बायका पदर सावरतात तशी ती कुऱ्हाड सावरायची. त्या कुऱ्हाडीचा तिचा एक नियम होता. "पातं झाडाला, तुंबा माणसाला." तुंबा म्हणजे कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू. आमच्या वाडीतल्या निम्म्या पुरुषांना तो तुंबा कुठं ना कुठं लागलेला होता.

एकदा आमच्या समोरच्या घरातला माणूस पिऊन बायकोला मारत होता. सगळे दारात उभे राहून ऐकत होते. भागाक्का मेंढरं घेऊन परत येत होती. मेंढरं तशीच रस्त्यात सोडून ती आत गेली आणि तुंब्याचा एकच घाव नडगीवर बसला. तो माणूस बैलासारखा ओरडला. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद गरम करून हीच त्याच्या नडगीला लावायला गेली. तो घाबरून भिंतीला टेकला. "बस गप," ती म्हणाली. "हाड मोडलं न्हाई. मोडायचं न्हवतंच. ध्यानात ऱ्हावं, येवढंच."

हे "ध्यानात ऱ्हावं, येवढंच" वाडीत सगळ्यांच्या तोंडी होतं. लहान मुलं मारामारी करतानाही म्हणायची.

मलाही तिचा हात लागला आहे. मी साताऱ्याला पहिल्या वर्षाला होतो. शास्त्र शाखा, सगळं इंग्रजीत. सर फळ्यावर लिहायचे, मी उतरवून घ्यायचो, आणि वसतिगृहात येऊन बघायचो तर मीच लिहिलेलं मला वाचता यायचं नाही. एके दिवशी मी पिशवी भरली आणि एसटी धरली. वडूजच्या स्टँडवर उतरलो तर समोर भागाक्का. मेंढरांचं औषध न्यायला आली होती. तिनं माझा चेहरा बघितला, पिशवी बघितली, आणि फाडकन एक दिली. स्टँडवरचे लोक वळले.

"कुणी मारलं तुला तिथं?" तिनं मग विचारलं.

"कुणी नाही."

"मग पळून का आलास?"

"आक्का, तिथलं मला काही कळत नाही."

"मला ह्या गाडीवरची पाटी वाचता येत न्हाई. म्हणून मी काय घरात बसले व्हय रं?"

माझं बखोट धरून तिनं मला सुटणाऱ्या साताऱ्याच्या गाडीत ढकललं. कंडक्टर हसत म्हणाला, "मावशी, गाडीत मारामारी नको हं."

"मारलंय खालीच. तुमच्या गाडीत नुसतं बसवतीया."

गाडी सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती. माझ्या गालाची आग आग होत होती. पुढच्या सगळ्या परीक्षांत, प्रश्नपत्रिका हातात आली की तो गाल आपोआप गरम व्हायचा. हे मी गमतीनं लिहीत नाही.

मंगलताईला तिनं सांगली जिल्ह्यात, पाण्याच्या गावात दिली होती. ऊस, विहीर, दोन मजली घर. भागाक्काला त्याचा फार अभिमान. "माझी लेक पाण्यात हाय," ती सांगायची. त्या घरात मंगलताईला मार पडतो हे वाडीत फक्त म्हाकूदादाला माहीत होतं. राखीपौर्णिमेला तो गेला तेव्हा तिच्या मनगटावर वळ होते. तिनं त्याला शपथ घातली, "आईला सांगू नगंस. ती येऊन ह्यास्नी मारंल आन् जेलात जाईल." जिच्या धाकानं अख्खी वाडी सरळ चालायची, तिच्याच मुलीनं तिच्या हाताच्या भीतीनं तोंड मिटून घेतलं होतं. म्हाकूदादानं शपथ पाळली.

त्या दिवाळीत मंगलताईला माहेरी आणायला म्हाकूदादानं मुराळी म्हणून जायचं, पण तो मेंढरं घेऊन बाहेर होता. म्हणून भागाक्का स्वतः गेली. लेकीच्या घरी कुऱ्हाड घेऊन कशाला जायचं, म्हणून ती घरी ठेवली. डोक्यावर फराळाची पाटी, हातात साधी काठी. अंगणाच्या फाटकात ती पोचली तेव्हा जावयाच्या हातात पहार होती. मंगलताई गोठ्याच्या दगडी पायरीपाशी खाली बसलेली, दोन्ही हात डोक्यावर. पहार हातांवरून डोक्यात बसली. तो आवाज, भागाक्का सांगायची, वाळल्या भोपळ्यासारखा आला. दुसऱ्यांदा पहार उचलली गेली तेव्हा तिची काठी त्याच्या हातावर बसली होती आणि हाड मोडलं होतं. पण पहिलाच घाव पुरेसा होता. करंज्या अंगणभर सांडल्या होत्या आणि त्यांच्यावर रक्त गेलं होतं. "त्या करंज्या तिनंच सांगितल्या हुत्या," एवढं म्हणून ती थांबायची. मग, "कुराड न्याया पायजे हुती."

सासरच्यांनी पोलिसांना सांगितलं, सून पायरीवरून पडली आणि वेड्या झालेल्या आईनं जावयाचा हात मोडला. शेजाऱ्यांनी काही बघितलं नव्हतं. डोक्यातली जखम पहारीची की पायरीची, यावर डॉक्टरांचा अहवाल दोन्हीकडे झुकत होता. डोळ्यांनी बघणारी एकटी भागाक्का. जावई जामिनावर सुटला. खटला सांगलीच्या कोर्टात उभा राहिला, आणि हात मोडल्याबद्दल भागाक्कावरही एक गुन्हा दाखल झाला.

त्या दिवसापासून तिचा कुऱ्हाडीचा नियम बदलला. "कोर्टानं केलं तर कोर्टाला करू दे," ती म्हणायची. "न्हाई तर त्याला पातं." ती हे रागानं म्हणायची नाही. बाजरी कापायला कधी जायचं ते सांगावं तशी सांगायची. म्हणून आम्हाला भीती वाटायची.

मग तिचं पोट वाढायला लागलं. अन्न जाईना. ती पोटाला फडकं आवळून मेंढरांमागं जात राहिली. वाडीत सगळे म्हणायचे, लेकीच्या दुःखाचा वायू आहे. मी तोवर पुढच्या शिक्षणासाठी सांगलीत होतो; एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत माझा प्रकल्प चालू होता. म्हाकूदादा तिला घेऊन माझ्याकडे आला. तपासण्या झाल्या. अंडाशयाचा कर्करोग, पोटात पसरलेला. ऑपरेशन झालं, निघेल तेवढं काढलं, आणि कीमो सुरू झाली.

म्हाकूदादा मला दवाखान्याच्या जिन्यात भेटला. डोळे लाल. म्हणाला, "संतोष, आईला सांगू नगंस. पाण्याची गाठ हुती, काढली, आसंच म्हणायचं."

आमच्याकडे असंच असतं. रोग्याला सोडून सगळ्यांना सांगतात. पण म्हाकूदादानं आणखी एक केलं. ही बातमी फुटून पलीकडच्यांना कळेल या धास्तीनं त्यानं सरकारी वकिलांनाही काही सांगितलं नाही. पलीकडच्यांचा एक पाहुणा याच दवाखान्याच्या कँटीनमध्ये रोज चहा प्यायला यायचा. त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी तारखा घ्यायला सुरुवात केली. एकदा वकील आजारी, एकदा आरोपीचा मोडलेला हात दुखतो, एकदा कागद मिळाला नाही. म्हातारी मरायची ते वाट बघत होते. आणि ती मरणार आहे हे फक्त दोघांना माहीत नव्हतं. एक सरकारी वकील, दुसरी ती स्वतः.

कीमोच्या वॉर्डातही तिचा हात थांबला नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा तिला रोज टोचून बोलायचा, तुझ्यापायी माझी कामं बुडाली म्हणून. एकदा त्यानं तिच्या पुढ्यातलं ताट ढकललं. भागाक्का हाताला सलाईन असताना उठली आणि त्याच्या तोंडात दिली. सुई निघाली, चादरीवर रक्ताची पिचकारी उडाली. सिस्टर धावत आल्या.

"आज्जी, काय केलंत हे! किती रक्त!"

"रगात माझंच हाय," ती खाली बसत म्हणाली. "मार तेवढा त्याला दिला. ध्यानात ऱ्हावं, येवढंच."

डोक्यावरचे केस गेले तेव्हा ती स्वतःवरच हसली. "कातरलेल्या मेंढरावानी झाले. लोकर कुटं इकली रं?"

माझं काम काय होतं ते इथं सांगायला हवं, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही. अंडाशयाच्या गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बऱ्याचशा औषधानं मरतात. थोड्या मात्र मूळपेशींसारख्या वागतात, औषध चालू असताना दबून बसतात आणि नंतर नवी गाठ उभी करतात, असं मानलं जातं. अशा पेशींच्या अंगावर काही खुणा असतात. सीडी १३३, सीडी ४४ अशी त्यांची नावं. मेणात बसवलेल्या गाठीचा अगदी पातळ काप काचेच्या पट्टीवर घ्यायचा, रसायनं घालायची, आणि खूण असली तर पेशी तपकिरी दिसते. ज्या बायकांच्या गाठींत तपकिरी जास्त, त्यांचं पुढं काय होतं, हे आम्ही बघत होतो. काचांवर नावं नसायची, फक्त क्रमांक. माझ्या मार्गदर्शक मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "हे लक्षात ठेव, ही खूण आपल्याला पुष्कळ बायकांबद्दल काहीतरी सांगेल. एका बाईबद्दल काही सांगणार नाही. नाव शोधायला जाऊ नकोस."

मी गेलो नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली एखादी काच तपकिरी झालेली दिसली की मी ती पुन्हा पुन्हा बघायचो. ही तिची असेल का? मग वाटायचं, कुणाची तरी आहेच.

एका दुपारी कीमो संपल्यावर ती दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसली होती. मी डबा घेऊन गेलो. तिनं डब्याकडे बघितलंच नाही.

"संत्या, तू त्या काचांवर काय बगतुयस रं दिसभर?"

"गाठी बघतो, आक्का."

"कसल्या गाठी?"

मी डब्याचं झाकण उघडायला लागलो.

"मेंढरू फुगून मेलं का मी त्याचं प्वाट फाडती. काळजात किडं दिसलं तर समद्या कळपाला औषद पाजती. आन् मला सांगताय पाण्याची गाठ! पाण्याच्या गाठीला केस जात्यात व्हय?" ती माझ्याकडे वळली. "माझी गाठ बी तुझ्या काचंवर आसंल."

"असेल. नावं नसतात."

"किती दिस हाईत मला?"

मला म्हाकूदादाचं जिन्यातलं सांगणं आठवलं. ती तेवढ्यात म्हणाली, "भ्यायला इचारत न्हाई. लय दिस आसतील तर कोर्टाची वाट बगती. थोडं आसतील तर उद्या गाडी धरून घरी जाती आन् कुराड घेऊन येती. तो रोज सकाळी उसाला पाणी पाजाया जातुय. मला ठावं हाय."

तेव्हा मला कळलं की माझ्या तोंडातून जे निघेल त्यावर एक माणूस मरणार किंवा जगणार आहे. थोडे दिवस म्हटलं तर ती त्याला मारेल आणि पोलिसांच्या पहाऱ्यात मरेल. पुष्कळ म्हटलं तर ती तारखांची वाट बघत मरेल आणि तो सुटेल. खोटं बोलायला दोन्हीकडून वाव होता. पण मला जेवढं माहीत होतं तेवढंच सांगता आलं.

"आक्का, शेतात लव्हाळा मारायला औषध फवारतात, तेव्हा वरची पात जळते. रान स्वच्छ दिसतं. पण खाली मातीत लव्हाळ्याची गाठ राहते ना?"

"ऱ्हाती."

"तसं आहे. आता औषधानं पात जळाली आहे. खाली गाठ राहिली असेल तर ती परत येते. या रोगात पुष्कळ बायकांना परत येतो. कधी येईल ते सांगता येत नाही. ज्यांच्या गाठीत ती खूण जास्त, त्यांचं लवकर वाईट होतं असं काही जणांना दिसलंय, काहींना नाही. पण ते सगळं कळपाचं आहे. साथ आली की कळपात मर होणार हे तुला कळतं. पण कुठली मेंढी जाणार ते कळतं का?"

"न्हाई कळत," ती म्हणाली.

"मलाही नाही कळत. कुणालाच नाही. आज तू बरी आहेस. एवढंच खरं."

तिचा हात उठला आणि माझ्या गालावर आला. मग ती बोलली. "हे आदी का सांगितलं न्हाईस? त्ये तारखा काढत बसल्यात आन् मी गाढवावानी वाट बगतीया!"

मी मान खाली घातली. तिनं एकदम माझ्या चेहऱ्याजवळ तोंड आणलं.

"लागलं का?"

मी गालावरून हात फिरवला.

"खरं सांग."

"नाही, आक्का."

ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. "मला बी कळलं न्हाई," ती म्हणाली. "हात तुझ्या गालाला लागला का हवेला, ते बी कळलं न्हाई."

कीमोच्या औषधानं बोटं बधिर होतात. डॉक्टरांना तिनं हे सांगितलंच नव्हतं. चोळीचं बटण बोटांना लागत नाही, पातेलं सुटतं, हे सगळं ती लपवत आली होती. तिनं खाली पडलेली एक लिंबोळी उचलायचा प्रयत्न केला. बोटं मिटली, पण लिंबोळी मातीतच राहिली. तिनं पुन्हा केला. मग तिनं हात मांडीवर ठेवला. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. पण तिचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"ह्या हातानं कुराड धरली तर दांडा सुटंल," ती स्वतःशीच म्हणाली. "घाव वाया जाईल आन् त्यो हसंल." बऱ्याच वेळानं तिनं डबा पुढं ओढला. "तोंड हाय की आजून. त्या वकिलाला सांग, म्हातारी मराया लागलीय. माझं काय इचारायचं ते बिगी बिगी इचार म्हणावं."

"म्हाकूदादा?"

"त्याला बी सांग, आईला समदं ठावं हाय. आन् रडायचं आसंल तर मेंढरांत जाऊन रड म्हणावं. हितं न्हाई."

सरकारी वकील म्हाकूदादावर भडकले. "माझ्या एकुलत्या साक्षीदाराला कॅन्सर आहे हे आरोपीच्या वकिलाला माहीत आणि मला नाही?" मग त्यांनी डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला, आणि तिची साक्ष सगळ्यांच्या आधी, जवळच्या तारखेला घ्यायचं न्यायाधीशांनी ठरवलं. साक्षीला जाण्याआधी वकिलांनी तिला एक गोष्ट नीट समजावली. आपल्या बाजूनं प्रश्न विचारले, म्हणजे सरतपास झाला, एवढ्यानं भागत नाही. समोरच्या वकिलानं उलटतपास घ्यायला हवा. तो व्हायच्या आत साक्षीदार गेला तर साक्षीला तेवढं वजन राहत नाही.

"म्हंजी त्यानं मला मारलं पायजे, तवा माझा मार खरा," ती म्हणाली. वकील हसले. म्हणाले, तसंच समजा.

कोर्टात तिला बसायला खुर्ची दिली. डोक्याला स्कार्फ, पोट पुन्हा थोडं फुगलेलं. आरोपी समोरच उभा होता, उजवा हात किंचित वाकडा. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. सरतपासात तिनं फाटक, पायरी, पहार, हात, डोकं, सगळं सांगितलं. करंज्यांपाशी तिचा आवाज अडला. तिनं पाणी मागितलं; पेला बधिर बोटांतून निसटून फुटला. शिपाई काचा वेचेपर्यंत ती तशीच ताठ बसली होती.

सरतपास संपला आणि आरोपीचे वकील उभे राहिले. साक्षीदाराची तब्येत बघता उलटतपासासाठी पुढची तारीख द्यावी, असं ते फार सहानुभूतीनं म्हणाले.

भागाक्का खुर्चीतून उठली. "न्हाई सायेब. आजच. मी हितनं हलत न्हाई. हितंच मेले तर हितंच मेले."

न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं, आणि वकिलांना म्हणाले, जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्ही सुरू करा.

दुपारी त्या वकिलांनी तिला तासभर सोललं. चष्मा नाही ना? दृष्टी कमी आहे ना? औषधांनी विसरायला होतं ना? फाटकापासून पायरी किती लांब? ती उत्तर देत गेली. माहीत नाही ते माहीत नाही म्हणाली. शेवटी ते मूळ गोष्टीवर आले.

"आरोपीचा हात तुम्ही मोडला, खरं ना?"

"खरं."

सरकारी वकिलांनी डोळे मिटून घेतले. तिच्यावरचा खटला अजून चालू होता.

"म्हणजे तुम्हाला त्याला मारायचं होतं?"

"डोकं फोडायचं हुतं. हात मधी आला."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. न्यायाधीशांनी वर बघितलं.

"तुमच्या मनात आजही त्याच्याबद्दल राग आहे?"

"हाय की."

"मग त्या रागापोटीच तुम्ही ही खोटी गोष्ट रचून सांगताय, असं मी म्हणतो."

भागाक्का त्यांच्याकडे बघत राहिली. तिला तो प्रश्न खरंच समजला नव्हता, असं मला वाटलं.

"आवं वकीलसायेब," ती म्हणाली, "मला राग आला तर मी मारती. समद्या वाडीला इचारा. खोटं बोलाया राग कशाला लागतुय?"

ते वकील थोडा वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत.

बाहेर आल्यावर ती कोर्टाच्या पायरीवर बसली. म्हाकूदादा तिला उचलायला गेला तर तिनं त्याला कोपरानं ढकललं. "लांब हो. मी काय करडू हाय व्हय?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "संत्या, बसला का रं घाव?"

"बसला, आक्का."

"मला कळना. तोंडाचा मार कवा दिलाच न्हवता."

पुढं रोग परतला, लव्हाळ्यासारखाच. पोटात पाणी भरायचं, काढायचं, पुन्हा भरायचं. शेवटी तिनं दवाखाना नको म्हटलं. मी वाडीला गेलो तेव्हा ती अंगणात बाजेवर होती, मेंढरं भोवती. कुऱ्हाड भिंतीला टेकून होती. तिला उशी देताना माझा हात तिच्या हाताला लागला. बोटं गार होती. "निकाल कवा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, अजून बाकीच्या साक्षी आहेत. "कळपाचं सांगतुयस का माझं?" ती म्हणाली, आणि हसली. हसताना पोट दुखलं म्हणून शिवी दिली.

ती गेली तेव्हा मी सांगलीत होतो. आईचा फोन आला. शेवटी तिनं म्हाकूदादाला हाक मारली होती आणि हात उचलला होता. मारायला की जवळ घ्यायला, ते कुणालाच कळलं नाही. तो तोंड पुढं करून थांबला. हात पोचला नाही.

मी माझा प्रबंध पुरा केला. शेवटच्या पानावर लिहिलं की या खुणा आणि रोगाचं परत येणं यांत नातं असावं असं आमच्या लहानशा कामात दिसतं, पण त्यावरून एका रुग्णाचं भविष्य सांगता येणार नाही. मॅडमनी त्या वाक्याखाली बरोबरची खूण केली. ते वाक्य माझं असलं तरी मी ते कडुलिंबाखाली आधीच एकदा बोललो होतो, आणि त्यासाठी एक चापट खाल्ली होती. न लागलेली.

गेल्या महिन्यात दुपारी, प्रयोगशाळेत काचा धूत असताना, म्हाकूदादाचा फोन आला. मागं कोर्टाच्या आवारातला गलका ऐकू येत होता.

"संतोष, निकाल लागला."

मी हातातली काच खाली ठेवली.

"जन्मठेप. जज्जसायबांनी आईचं बोलणं धरलं रं. वाचून दावलं समद्यांम्होरं. हात मधी आला म्हणाली हुती न्हवं, त्ये बी वाचलं. ही बाई सोताचा गुन्हा बी लपवत न्हाई, म्हणून तिचं खरं मानतो, म्हणालं."

गलका चालूच होता. मग तो, ज्यानं बहिणीच्या शपथेपायी एकदा आणि आईच्या मायेपायी दुसऱ्यांदा तोंड मिटून घेतलं होतं तो म्हाकूदादा, लहान मुलासारखा म्हणाला, "संतोष, आईला सांगाया पायजे हुतं रं."